माळ्यावरचे द्विपंखी विमान

दिवाळीच्या आधी माळा उपसायला काढला, की घरातल्या मंडळींच्या जुन्या हौशी एकेक करून खाली उतरतात. तारा तुटलेली सतार, अर्धवट विणलेला स्वेटर, पोस्टाच्या तिकिटांची वही. रायपूरच्या तात्यापाऱ्यात काय किंवा चौबे कॉलनीत काय, दृश्य सारखेच. एखाद्या घरात मात्र त्या पसाऱ्यातून एक चपटी पुठ्ठ्याची पेटी निघते. तिच्यावर विमानाचे रंगीत चित्र असते. एकावर एक दोन पंख, त्यांच्यामध्ये दांडे, दांड्यांमध्ये तारांचे जाळे आणि उघड्यावर बसलेला, डोळ्यांवर गॉगल चढवलेला वैमानिक. कधी मामाने परदेशाहून आणलेली, कधी मुंबईला गेलेल्या बाबांनी पदरमोड करून घेतलेली. पेटी उघडून पाहावे, तर आतली पिशवी अजून सीलबंद! आणि ज्याच्यासाठी आणली, तो मुलगा आता पुण्याला नोकरीला.

‘जरा निवांत वेळ मिळाला, की करू’ असे त्या वेळी सगळेच म्हणाले होते. पण वेळ हे निमित्त असते. खरे कारण असते भीती. इतकी महागाची, इतक्या लांबून आलेली वस्तू आपल्या हातून बिघडली तर? मग ती पेटी जपून ठेवली जाते. आधी कपाटात, मग कपाटावर, मग माळ्यावर. हे काही एकट्या रायपूरचे दुखणे नाही. विमानांचे छोटे नमुने जुळवण्याचा छंद जगभर आहे आणि न उघडलेल्या पेट्यांचे ढीग ही त्या छंदातल्या लोकांची हक्काची थट्टा आहे. त्यातही द्विपंखी विमानाची पेटी सर्वांत शेवटी उघडली जाते. एका पंखाचे लढाऊ विमान दोन रविवारांत उभे राहते. दोन पंखांचे म्हटले, की भलेभले हात आखडता घेतात.

गंमत अशी, की या छंदाची सुरुवातच द्विपंखी विमानांनी झाली आहे.

बेडूक आणि पेंग्विन

इंग्लंडमध्ये ‘फ्रॉग’ नावाची खेळणी-कंपनी होती. तिची रबराच्या जोरावर उडणारी विमाने लोकप्रिय होती. १९३६ साली तिने प्लॅस्टिकचे, जुळवून शोभेला ठेवायचे विमानसंच काढले. ही विमाने उडत नाहीत, म्हणून त्यांना नाव दिले ‘पेंग्विन’! जगातले हे पहिले प्लॅस्टिकचे विमानसंच. पहिल्या खेपेला ग्लॉस्टर ग्लॅडिएटर, हॉकर फ्युरी आणि ब्लॅकबर्न शार्क ही तीन विमाने निघाली आणि तिन्ही द्विपंखी होती. त्या काळी विमान म्हटले, की डोळ्यांपुढे दोन पंखच यायचे.

फ्रॉगने तेव्हा जे प्रमाण धरले, ते आजही सर्वाधिक चालते. पेटीवर १/७२ असा आकडा असतो, तोच हा. हे प्रमाण असे विचित्र का, याचे उत्तर फूट-इंचांत आहे. सहा फूट म्हणजे ७२ इंच. सहा फुटांचा वैमानिक या प्रमाणात बरोबर एक इंचाचा होतो. दुसरे प्रचलित प्रमाण १/४८. त्यात एक इंच म्हणजे चार फूट. आकडा लहान, तेवढे विमान मोठे, हे नव्या गिऱ्हाइकाने पेटी घेण्याआधीच पक्के ध्यानात ठेवावे. नाहीतर भेट म्हणून तळहाताएवढे विमान यायचे आणि घरात चेहरे पडायचे!

पण मुळात विमानाला दोन पंख कशाला? लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणलेले कापड, एवढ्या हलक्या सामग्रीचा एकच लांब पंख केला, तर तो हवेच्या दाबाने मोडून पडे. म्हणून अभियंत्यांनी रेल्वेच्या पुलाची युक्ती उचलली. रेल्वेतच हयात घालवलेले अमेरिकन अभियंता ऑक्टेव्ह शनूट यांनी १८९६ च्या आपल्या ग्लायडरमध्ये दोन पंख उभ्या दांड्यांनी आणि तिरप्या तारांनी पुलाच्या कैचीसारखे बांधून टाकले. राइट बंधूंनी तीच रचना घेतली आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी ते उडाले. पुढे धातूचे भक्कम पंख आले, तशी १९३० नंतरच्या दशकात दुसऱ्या पंखाची गरज सरत गेली.

एवढी गोष्ट माहीत असली, की पेटीतल्या नकाशावरची तारांची गुंतवळ एकदम सोपी वाटू लागते. काही तारा विमान हवेत असताना पंखांना वर मुडपू देत नाहीत. काही तारा विमान जमिनीवर उभे असताना पंखांना खाली झुकू देत नाहीत. कोणतीही तार शोभेसाठी नाही. कोणती तार कशासाठी, हे कळले, की ती कोठून कोठे जाईल ते नकाशा न बघताही सांगता येते.

आपल्या आकाशातली ही विमाने

परदेशी पेटीवर परदेशी विमान, त्याच्याशी आपला काय संबंध, असे घरातले एखादे वडीलधारे विचारतातच. संबंध बराच आहे.

१८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादच्या प्रदर्शनातून आंरी पेके हा फ्रेंच वैमानिक सुमारे साडेसहा हजार पत्रे घेऊन यमुनेपलीकडे नैनीला गेला. अंतर जेमतेम दहा किलोमीटर; पण विमानाने सरकारी टपाल नेण्याची ती जगातली पहिली वेळ. त्याचे हंबर-सॉमर विमान द्विपंखी होते.

मग आला मे १९३०. आगाखानांनी एकट्याने इंग्लंड-भारत प्रवास करणाऱ्या पहिल्या भारतीयाला पाचशे पौंडांचे बक्षीस लावले होते. जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले होते, तर सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून कराचीकडे. दोघांचीही विमाने जिप्सी मॉथ, द्विपंखी. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली, तेव्हा अस्पी इंजिनच्या स्पार्क प्लगवाचून अडकून बसला होता. टाटांनी आपल्याजवळचा जादा प्लग त्याला देऊन टाकला. अस्पी थोडक्या वेळाच्या फरकाने जिंकला. पुढे १९६० ते १९६४ या काळात हाच अस्पी इंजिनिअर भारतीय हवाई दलाचा प्रमुख होता. त्याच मे महिन्यात अ‍ॅमी जॉन्सन ही इंग्रज तरुणी एकटीने ऑस्ट्रेलियाला निघाली होती. अलाहाबाद गाठण्याआधीच इंधन संपत आल्याने ती झाशीला उतरली आणि पुढे कलकत्त्यावरून गेली. तिचे ‘जेसन’ हे विमानही जिप्सी मॉथच. ते आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. आणि १९३६ साली लाहोरला साडी नेसून एकटीने विमान उडवणाऱ्या एकवीस वर्षांच्या सरला ठकराल यांच्या हातातही जिप्सी मॉथच होते. एका विमानाच्या नमुन्यात इतक्या गोष्टी दडलेल्या असतात. कपाटात ठेवल्यावर पाहुण्याला यातली कोणती सांगायची, ते घरातल्यांनी ठरवावे.

‘मॉथ’ म्हणजे दिव्याभोवती घिरट्या घालणारा पतंग. ही विमाने घडवणारे जेफ्री डी हॅविलंड यांना फुलपाखरे आणि पतंग यांचा नाद होता. जिप्सी मॉथचे पंखही पतंगासारखे मागे मिटत असत.

हवाई दलाची कहाणीही दोन पंखांवरच सुरू होते. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोडवर भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली, ती चार वेस्टलँड वापिती विमानांनिशी. तिच्या पहिल्या वैमानिकांत सुब्रतो मुखर्जी होते. तेच पुढे हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. वापिती हे एका मोठ्या हरणाचे नाव. विमान मात्र काटकसरीतून जन्मलेले. पहिल्या महायुद्धातल्या डी. एच. ९ए विमानांचे सुटे भाग गोदामात पडून होते, ते वापरता येतील असेच नवे विमान करा, अशी सरकारची अट होती. जुन्या साडीचे परकर शिवणाऱ्या घरांना ही वृत्ती सांगायला नको! दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात एक वापिती जपून ठेवले आहे. पूर्ण स्थितीत उरलेले जगातले ते एकमेव वापिती समजले जाते.

आणि टायगर मॉथ. २६ ऑक्टोबर १९३१ रोजी ते प्रथम उडाले. दुसऱ्या महायुद्धात बेगमपेट आणि जोधपूर येथील प्रशालांत भारतीय तरुण याच विमानावर उडायला शिकले. त्याची एक खोड मॉडेल करणाऱ्याने जरूर पाहावी. याचे पंख किंचित मागे झुकलेले आहेत. पुढच्या आसनावरच्या शिक्षकाला पॅराशूट घेऊन बाहेर पडताना वरचा पंख आड येत होता, म्हणून तो पुढे सरकवला. त्यामुळे तोल बिघडू नये, म्हणून पंखांची टोके मागे वळवली. एका माणसाला सुखरूप उडी मारता यावी, एवढ्यासाठी सगळ्या विमानाचा चेहरा बदलला! हवाई दलाने एक जुने टायगर मॉथ दुरुस्त करून २०१२ च्या हवाई दल दिनी हिंडन तळावर पुन्हा उडवले.

पेटी घेताना

पहिलेच द्विपंखी करणाऱ्याने वापितीच्या मोहात पडू नये. मन तिकडेच ओढ घेते, हे खरे. पण त्यात एकेका बाजूला दांड्यांच्या दोन-दोन जोड्या आहेत आणि फ्रॉगचा १/७२ मधला वापिती संच आता जुन्या मालातच शोधावा लागतो. फ्रॉग १९७६ साली बंद पडली, तिचे बरेच साचे सोव्हिएत रशियात गेले आणि तीच विमाने ‘नोवो’ नावाच्या पेट्यांतून पुन्हा विकली गेली. त्यामुळे जुन्या बाजारात दोन्ही नावे दिसली, तर गोंधळू नये. आतला माल बहुधा एकच.

टायगर मॉथला मात्र एका बाजूला दांड्यांची एकच जोडी. एअरफिक्स कंपनीने त्याचा १/७२ मधला नवा साचा २०१४ साली आणि १/४८ मधला २०२० साली काढला. खरे विमान पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ८.९४ मीटर. म्हणजे लहान प्रमाणात सुमारे साडेबारा सेंटिमीटर, मोठ्या प्रमाणात साडेअठरा. ज्यांची नजर चाळिशीपलीकडे गेली आहे, त्यांनी खुशाल मोठा संच घ्यावा; पैसे जास्त जातात, पण डोळे वाचतात.

साध्या खेळण्यांच्या दुकानात रिमोटची विमाने मिळतात, हे संच क्वचितच. म्हणून मुंबई-पुण्याकडच्या छंदवस्तूंच्या दुकानांतून मागवणे किंवा परदेशातल्या नातेवाइकाला सांगणे, हेच मार्ग उरतात. परदेशाहून टपालाने मागवणाऱ्याने जकातीचा हिशेब आधी करावा. असे नमुने जकातीच्या लेखी खेळण्यांत मोडतात आणि खेळण्यांवरची आयात जकात २०२० साली २० वरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के झाली. मागवण्याच्या दिवशी चालू असलेला दर पाहूनच बेत करावा. नाहीतर स्वस्तात मिळालेली पेटी दारात पोस्टमन उभा राहिल्यावर महाग पडते आणि त्यावरून घरात जे बोलणे होते, ते वेगळेच.

पेटीवरच्या चित्राला भुलू नये, हाही अनुभवी लोकांचा सल्ला. एअरफिक्ससाठी १९६४ पासून दहा वर्षे रॉय क्रॉस या चित्रकाराने अशी चित्रे काढली, की त्यांच्या जोरावरच पेट्या खपल्या. आत असतात ते राखाडी प्लॅस्टिकचे तुकडे! आणि ‘टाटांचे विमान’ म्हणून कोणी द्विपंखी दाखवले, तर आधी कोणते, ते विचारावे. १९३० च्या शर्यतीतले जिप्सी मॉथ दोन पंखांचे. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून मुंबईला टपाल आणणारे पस मॉथ एका पंखाचे.

जुनी पेटी घेताना भाग मोजून घ्यावेत आणि पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांचा कागद पाहावा. तो बहुधा पिवळा पडलेला असतो. त्यावर उपाय आहे. तो कागद खिडकीच्या काचेला आतून चिकटवून उन्हात ठेवला, की पिवळेपणा उतरतो. यासाठी इंग्लंडमधल्या लोकांना आठवडे मोजावे लागतात. रायपूरच्या एप्रिलमध्ये रोज पाहत जावे, म्हणजे झाले!

वरचा पंख

आता माळ्यावरच्या त्या पेटीकडे वळू. सामान घरातच बरेच निघते. नेलकटर, कंपासपेटीतले कर्कटक, पट्टी, कपड्यांचे चिमटे, जुना टूथब्रश. बारीक कानस आणि टोकदार चिमटा लागतो. रायपूरचा सराफा म्हणजे सदर बाजार; सोनारकामाची हत्यारे विकणाऱ्याकडे या दोन वस्तू छंदाच्या दुकानापेक्षा सरस मिळतात. गोंद मात्र प्लॅस्टिक जोडण्याचाच हवा. तो प्लॅस्टिकला किंचित विरघळवून दोन तुकड्यांचा एक तुकडा करतो. त्याचा आणि थिनरचा वास घरात कोंडू देऊ नये, खिडकी उघडी असावी आणि ब्लेड मोठ्या माणसाच्या हातात असावे.

हंगामही पाहावा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, तेव्हा रंग विमानाला लागण्याआधी कुंचल्यावरच वाळतो. श्रावणात हवा इतकी दमट, की फवाऱ्याच्या रंगावर पांढरट झाक येते. दिवाळी ते शिवरात्र हा या कामाचा खरा काळ. शिवाय तेव्हा छताचा पंखा बंद असतो, त्याचे महत्त्व पुढे कळेलच.

पहिल्या दिवशी काहीच जोडू नये. सगळे भाग साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवावेत आणि नकाशा दोनदा वाचावा. दुसरा नियम असा, की आधी रंग, मग जोडणी. एका पंखाच्या विमानाला सगळे जोडून मग रंगवता येते. इथे वरचा पंख बसला, की खालच्या पंखावर कुंचला पोहोचतच नाही. म्हणून धड, खालचा पंख, वरचा पंख आणि दांडे सुटे-सुटे रंगवायचे आणि जिथे गोंद लागायचा, तिथला रंग खरवडून काढायचा. चित्रेही याच टप्प्यावर, पंख सुटे असतानाच लावावीत.

पेटीतली चिन्हे बहुधा ब्रिटिश असतात. आपल्याला हवाई दलाचे विमान हवे असेल, तर वर्ष ठरवावे. स्वातंत्र्यापूर्वीच्या वापितीवर ब्रिटिशांसारखीच लाल-पांढरी-निळी वर्तुळे होती. आजचे तिरंगी वर्तुळ हवे, तर बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. कंपासने वर्तुळ आखून, पातळ चिकटपट्टीला तेवढे भोक कापून हे घरी रंगवता येते. एक रविवार त्यात जातो. पण आपल्या देशाचे चिन्ह पेटीत आयते मिळाले नाही, म्हणून ते स्वतः करताना मुले जे प्रश्न विचारतात, ते पाठ्यपुस्तक वाचताना विचारत नाहीत.

मग येतो तो क्षण, ज्याच्या धास्तीने पेटी माळ्यावर गेली. वरचा पंख. चार बारीक दांडे टोकांकडे, चार छोटे दांडे धडावर, आणि या आठही टोकांनी एकाच वेळी आपापल्या खळग्यात बसायचे! एक बसवावा, तर दुसरा निसटतो; दुसरा धरावा, तर पहिला आडवा होतो. इथे कित्येकांनी वैतागून पेटी बंद केली आहे. यावर घरगुती तोड आहे. पंख हाताने धरायचाच नाही. विमान उलटे करायचे. वरचा पंख टेबलावर पालथा ठेवायचा, त्याच्या खळग्यांत आधी फक्त बाहेरचे चार दांडे उभे करायचे आणि गोंद अर्धवट वाळू द्यायचा. दांडे हलतील, पण पडणार नाहीत, इतपत. मग धड आणि खालचा पंख वरून अलगद टेकवायचा. दोन्ही पंखांमधले अंतर बरोबर राहावे, म्हणून काड्यापेट्या आणि जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या थप्प्या दोन्ही बाजूंना ठेवायच्या. पुढून, मागून, वरून पाहायचे. टायगर मॉथचे मागे वळलेले पंख दोन्हीकडे सारखे वळले आहेत ना, हे पट्टीने मोजायचे. आणि रात्रभर कोणी हात लावायचा नाही. धडावरचे चार छोटे दांडे दुसऱ्या दिवशी, चिमट्याने. पंख आता जागेवर असतो, त्यामुळे ते मुकाट्याने बसतात.

एखादा दांडा मोडतोच. मोडू द्यावा. टाचणी तापवून त्याच्या दोन्ही तुकड्यांत घुसवली, की तो पहिल्यापेक्षा मजबूत होतो. रंग सांडतो, गोंदाचे बोट पंखावर उमटते. खऱ्या टायगर मॉथनेही शिकाऊ वैमानिकांच्या हाताखाली आपटे काही कमी खाल्ले नाहीत. पंखाचे कापड फाटले, की ठिगळ लावून, रंग देऊन विमान पुन्हा कामाला लागे. त्यामुळे गोंदाच्या डागावर एक चौकोनी ठिगळ रंगवून टाकले, तर ते चूक वाटण्याऐवजी खरे वाटते. या विमानांची हीच एक मोठी सोय आहे. चकचकीत जेट विमानावर असला डाग लपत नाही.

उदबत्ती आणि कर्कटक

राहिल्या तारा. शिवणाचा दोरा पाव मिलिमीटर जाडीचा धरला, तर १/७२ च्या हिशेबाने तो खऱ्या विमानावर जवळजवळ दोन सेंटिमीटर जाड दोरखंड होतो. म्हणून तो चालत नाही. ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला भाग लागून आलेले असतात, तिचा एक तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या जरा वर धरून फिरवावा, मऊ झाला, की बाजूला घेऊन दोन्ही हातांनी ओढावा. केसासारखा तंतू निघतो. पहिले चार-पाच तुटतात, सहावा जमतो.

तार जिथून जिथे जायची, ते अंतर कर्कटकाने घ्यायचे, तेवढा तंतू कापायचा, दोन्ही टोकांना फेव्हिकॉलचा टिपका लावून चिमट्याने जागी ठेवायचा. सैल वाटला, तर पेटती उदबत्ती त्याच्याजवळ, न टेकवता, क्षणभर न्यायची. तंतू आपोआप ताठ होतो. देवघरातून उदबत्ती मागताना कारण सांगावे लागते, एवढेच!

हे काम करायला घरातले सर्वांत योग्य हात बहुधा भरतकाम करणाऱ्या आजीचे निघतात. चष्मा सावरून त्या पंधरा मिनिटांत जी तार बसवतात, ती तरुण मंडळींना तासभर जमत नाही. पेट्यांवरच्या चित्रांत मात्र या छंदापाशी वडील आणि मुलगाच दाखवायची जुनी चाल आहे.

ज्यांना शोभेच्या विमानावर समाधान नाही, त्यांनी कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींना एनसीसीच्या हवाई शाखेची चौकशी करायला सांगावे. तिथे एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचाच भाग असतो आणि रायपुरातही ही शाखा आहे. बाल्साच्या लाकडाचे, खरोखर उडणारे विमान तिथे हाताळायला मिळते. ते पडते, मोडते, पुन्हा जोडले जाते. अशा हाताला प्लॅस्टिकच्या पेटीची भीती उरत नाही.

पुरे झालेले विमान काचेच्या कपाटात, दार लागेल अशाच जागी ठेवावे. उघड्या फळीवर ठेवले, तर महिन्याभरात तारांवर धूळ बसते आणि फडक्याने पुसायला गेले, की धुळीबरोबर तारही येते. धूळ झटकायला पावडर लावायचा मऊ ब्रश वापरावा, तोही मागून पुढे. सणाच्या साफसफाईत कामवाल्या बाईंच्या हाती ते लागू देऊ नये. चूक त्यांची नसते, पण बोलणी त्यांना बसतात.

आणि टेबलावरून कपाटात नेताना आधी छताचा पंखा बंद करावा. बारा सेंटिमीटरच्या या विमानाचे वजन इतके कमी असते, की पाच नंबरवरच्या पंख्याखाली ते तळहातावरून सहज उडते. दोन महिन्यांचे काम फरशीवर उतरलेले पाहण्यापेक्षा दोन मिनिटांचा उकाडा परवडतो. मुलगा पुण्याहून दिवाळीला आला, की तो बॅग ठेवून आधी पंखाच सुरू करणार, तेव्हा कपाटाचे दार त्याच्या आधी लावून ठेवावे.